राज्य बदललं म्हणून केस मिटत नाही

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण घरात कोणी गाडी चालवत असेल तर वाचाच.

परवा आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "पुण्यात ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलोय. पुढच्या महिन्यात हैदराबादला शिफ्ट होतोय. कोर्टाचं आधी उरकू की सोडून देऊ?"

अर्ध्या तासात बावीस उत्तरं आली. त्यातली अठरा तरी "सोडून दे" याच अर्थाची. "तिकडं कोण येतंय बघायला?" "माझा मेहुणा तीन वर्षं गुजरातेत आहे, काय झालं नाही." "एजंटचा नंबर देतो, सगळं मॅनेज करतो." एकाने तर हसणारी तोंडं टाकून मंडळात स्वागत केलं.

मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. त्याला फोन केला, पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकट्याला सांगून भागणार नाही. म्हणून इथे लिहितोय. माझ्या यादीत गावाकडची माणसं आहेत, पाहुणे आहेत, जुन्या ऑफिसातले आहेत. त्यातल्या बहुतेकांना हे पहिल्यांदाच कळेल. कळू दे.

डिसेंबर २०२२ मधला शनिवार. पुण्यातली नोकरी सोडत होतो, जानेवारीत बंगळुरूला रुजू व्हायचं होतं. ऑफिसातल्या मित्रांनी बाणेरला पार्टी दिली. मी चार तासांत चार पेग घेतले. हे आज लिहितोय, तेव्हा विचारलं असतं तर "दोन" म्हणालो असतो. निघताना एक जण म्हणाला, कॅब कर. मी म्हणालो, "आरं, घर पंधरा मिनिटांवर आहे, मी एकदम ओके आहे." दारू प्यायलेला प्रत्येक माणूस एकदम ओकेच असतो.

पुढे नाकाबंदी. काच खाली केली. हवालदारांनी नळी पुढे धरली. "फुंका. जोरात. अजून." आकडा आला ९२.

मर्यादा आहे ३०. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मी तिप्पट होतो. नंतर वाचलं की शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढंच खाली आणतं. लिंबू चाखा, काळी कॉफी घ्या, पान खा, थंड पाण्याने तोंड धुवा, त्या वेगात काही फरक पडत नाही. रात्री पावणेबाराला ९२ वर असलेला माणूस ३० च्या खाली यायला पहाटेचे चार वाजणार. आणि मी स्टिअरिंगवर बसून पोलिसांशी वाद घालत होतो.

"साहेब, दोनच बिअर घेतल्यात."

"सगळे दोनच घेतात साहेब," ते म्हणाले. चिडलेही नाहीत. रोजचंच असणार.

मग मी काय केलं? जे आपण सगळे करतो. फोन काढला आणि ओळखीचं कोण आहे ते शोधायला लागलो. एका मित्राचा चुलता खात्यात होता, त्याला रात्री बारा वाजता उठवला. त्यांनी सरळ सांगितलं, "आकडा मशिनमध्ये आलाय, आता कोणी काही करू शकत नाही. सही कर आणि घरी जा." गाडी चौकीवर लागली, लायसन्स जमा झालं, पावती मिळाली. मित्र रिक्षा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी कागदपत्रं दाखवून, हमीपत्र देऊन गाडी सोडवली. तिथे सांगितलं होतं, "कोर्टात जावं लागेल. मोबाईलवर तारीख येईल."

तो मोबाईल नंबर ऑफिसचा होता. नोकरी सोडताना सिम जमा केलं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. लक्षात आलं होतं.

जायच्या आदल्या आठवड्यात कोर्टाच्या बाहेर एक जण भेटला. काळा कोट नाही, हातात फायली. म्हणाला, "तुम्ही बाहेरगावी चाललाय ना? सात हजार द्या. तुम्हाला यायची गरज नाही. पुढचं मी बघतो." मी तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. पावती मागितली नाही, केस नंबर विचारला नाही. मनाला एवढंच सांगितलं की आता मिटलं. खरं तर तो सौदा काय होता ते मला कळत होतं. मी विसरण्याचे पैसे दिले होते.

बंगळुरूला गेलो. गॅस, बँक, विमा, मुलीची शाळा, सगळीकडे नवा पत्ता लावला. जुनी गाडी गावी ठेवली, तिकडे केए नंबरची नवी घेतली. लायसन्सचा पत्ता तेवढा बदलला नाही. खिशात लायसन्सच नव्हतं, मोबाईलमध्ये त्याचा फोटो होता. रोज सकाळी मुलीला मागच्या सीटवर बसवून शाळेत सोडत होतो. कोणी विचारलं तर फोटो दाखवायचा. कोणी विचारलं नाही.

मित्रांमध्ये हा किस्सा मी दोन-तीनदा रंगवून सांगितला. "सापडलो यार." हाच शब्द. आपण सगळे हाच शब्द वापरतो. चोराने चोरी केली म्हणतो, लाचखोराने लाच खाल्ली म्हणतो, आणि दारू पिऊन गाडी चालवणारा तेवढा सापडतो. जणू पावसात सापडला. त्या शब्दात चूक पोलिसांची, नशिबाची, त्या रस्त्याने आल्याची. पिऊन स्टिअरिंगवर बसल्याची नाही.

मग १९ मे २०२४ ची पहाट आली. पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही मूळचे मध्य प्रदेशातले, पुण्यात नोकरीला. गाडी चालवणारा अल्पवयीन. सुरुवातीला जामिनाच्या अटींमध्ये रस्ते अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, आणि सगळा देश पेटला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. तुम्हाला सगळं आठवत असेल.

मीही बंगळुरूत बसून लिहिलं होतं. याच भिंतीवर आहे ती पोस्ट, काढलेली नाही. "पैसेवाल्यांना कायदा नसतो," असं लिहिलं. "तीनशे शब्दांत दोन जीव" असं काहीतरी लिहिलं. चारशेच्या वर लाइक आले. तेव्हा माझी स्वतःची केस पुण्याच्या कोर्टात उघडी पडली होती, माझ्या नावाने पुकारा होत होता आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं. मी पण पैसे देऊनच सुटलो होतो की. रक्कम छोटी होती एवढाच फरक. आणि माझ्या गाडीपुढे त्या रात्री कोणी आलं नाही, हा दुसरा. तो माझ्या हातातला नव्हता.

ऑगस्ट २०२४. तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. निवृत्त होऊन आता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी असतात. त्यांच्या भिंतीवर विनाअपघात सेवेचा सत्काराचा फोटो आहे, बिल्ला अजून कपाटात जपून ठेवलाय.

"आरं, ठाण्यातनं हवालदार आले हुते. वॉरंट हाय म्हणं तुझ्या नावानं. पुण्याच्या कोर्टाचं." थोडं थांबून म्हणाले, "चुकून आलं असंल का?"

मी म्हणालो, "असेल. कुठलं तरी पार्किंगचं चलन असणार. बघतो मी."

"बघ," म्हणाले, आणि फोन ठेवला.

हवालदार भले माणूस होते. त्यांनी तात्यांना सांगितलं होतं, हे जामीनपात्र वॉरंट आहे, पोराला हजर व्हायला सांगा, नाहीतर पुढचं अजामीनपात्र निघेल. त्या रात्री मी झोपलो नाही. बायकोला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "आधी तात्यांना खरं सांग, मग वकिलाला फोन कर." मी उलट केलं. आधी वकिलाला फोन केला.

कॉलेजची एक मैत्रीण पुण्यात वकिली करते. तिने पहिल्यांदा मला झापलं आणि मग समजावून सांगितलं. ते इथे लिहितो, कारण ग्रुपवरच्या अठरा जणांना यातलं काही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

एक. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, १९८८ चा. कलम १८५ महाराष्ट्रात आहे तसंच कर्नाटकात, तेलंगणात, गोव्यात आहे. राज्य बदलल्याने गुन्हा बदलत नाही. केस मात्र जिथे गुन्हा घडला तिथल्याच कोर्टात चालते. वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं.

दोन. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, याचं चलन ऑनलाइन भरून मोकळं होता येतं. १८५ चं तसं नाही. हा गुन्हा जागेवर दंड भरून मिटत नाही. पोलिसांना तो अधिकारच नाही. कोर्टातच जावं लागतं. जो कोणी म्हणतो "जागेवर मिटवतो", तो एक तर तुम्हाला फसवतोय किंवा तुमच्यासोबत दुसरा गुन्हा करतोय.

तीन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आधी दंड दोन हजारांपर्यंत होता, म्हणून जुने लोक अजून "दोन हजारात होतं" म्हणतात. पुन्हा तोच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. पहिला पुण्यात आणि दुसरा बंगळुरूत केला म्हणून दोन्ही "पहिले" होत नाहीत.

चार. कोर्ट वेगळं आणि लायसन्स वेगळं. कोर्टात काय व्हायचं ते होतंच, पण पोलीस लायसन्स आरटीओकडे पाठवतात आणि आरटीओ ते निलंबित करतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलंय की दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. आणि लायसन्सची नोंद आता बहुतेक राज्यांत एकाच संगणक प्रणालीत असते. दुसऱ्या राज्यातल्या आरटीओत पत्ता बदलायला गेलात की तिथल्या पडद्यावर ती दिसते.

चौथा मुद्दा ऐकून मला घाम फुटला. मी विचारलं, "म्हणजे माझं लायसन्स निलंबित झालं होतं?" ती म्हणाली, "पत्र आलं असेल. कुठल्या पत्त्यावर आहे लायसन्स?" एमएच ११. गावचा पत्ता.

निलंबित लायसन्सवर गाडी चालवणं हा आणखी वेगळा गुन्हा. त्यात अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते. आणि मागच्या सीटवर माझी सात वर्षांची मुलगी बसत होती.

एजंटचं काय झालं म्हणाल, तर त्याने काहीही केलं नव्हतं. वकीलपत्र नाही, अर्ज नाही. मैत्रिणीने ई-कोर्ट्सवर केस शोधली. प्रत्येक तारखेला "आरोपी गैरहजर". ओळीने. सात हजारांत मी त्या ओळी विकत घेतल्या होत्या.

ती म्हणाली, "वॉरंट घेऊन कोणी यायची वाट बघू नकोस. स्वतःहून ये. आपण वॉरंट रद्द करायचा अर्ज देऊ. कारण खरं लिहायचं. आजारी होतो, आई आजारी होती, असलं काही मी लिहिणार नाही."

मग तात्यांना फोन केला. पार्किंगचं नव्हतं म्हणून सांगितलं. काय होतं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "तारीख कधीची हाय? मी येतो."

"तुम्ही कशाला येताय? मी जाऊन येतो."

"मी येतो," म्हणाले.

सप्टेंबरमध्ये बंगळुरूहून रात्रीच्या बसने निघालो. पहाटे साताऱ्याला उतरलो. तात्या स्टँडवर उभे होते. पांढरा शर्ट, पिशवीत डबा. तिथून लालपरीने स्वारगेट. पूर्ण प्रवासात ते ड्रायव्हरच्या हाताकडे बघत होते, नेहमीसारखे. खंबाटकीच्या घाटात एकदा म्हणाले, "चांगला चालवतोय पोरगा." बाकी काही बोलले नाहीत.

कोर्टात आमच्यासारखे वीस-पंचवीस जण होते. कॉलेजची पोरं, एक मोठ्या कंपनीतला मॅनेजर असावा असा, दोन-तीन रिक्षावाले. माझ्या शेजारी एक छोटा हत्तीवाला बसला होता. भाजीची भाडी मारतो म्हणाला. त्याची ही तिसरी तारीख. एकदा साहेब रजेवर, एकदा कागद आले नाहीत. "एका तारखेला एक भाडं बुडतं," म्हणाला. "आणि लायसन्स गेल्यापासून गाडी भावाच्या पोराला दिलीय, तो अर्धे घेतो." दहा हजारांतले सहा शेजाऱ्याकडून आणले होते. मला विचारलं, "तुमची कितवी?"

मी म्हणालो, "पहिली."

खोटं नव्हतं. पण तो तिन्ही तारखांना आला होता आणि मी पावणेदोन वर्षांत एकाही नाही. त्याला दहा हजार म्हणजे महिन्याचं घर. मला दहा हजार म्हणजे काय, हे त्या बाकावर बसून सांगायची मला लाज वाटली. दंड दोघांना सारखाच होता. पळून जायची सोय मात्र मला होती, त्याला नव्हती. नोकरीचं पत्र खिशात असलं की राज्य सोडता येतं. ज्याचं पोट मार्केट यार्डाच्या गेटवर आहे त्याने जायचं कुठे?

माझं नाव पुकारलं. मैत्रिणीने अर्ज दिला. मॅजिस्ट्रेट मॅडमनी फाईल चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"इतके दिवस कुठे होता?"

"बंगळुरूला. नोकरीला."

"बंगळुरूहून पुण्याला यायला रस्ता नाही का?"

मागे कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "आहे मॅडम. मीच आलो नाही."

वॉरंट रद्द झालं. गुन्हा वाचून दाखवला. "कबूल आहे का?" कबूल आहे म्हणालो. मोठ्याने म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज निघाला नाही, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. शिक्षा झाली १० हजार दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोर्ट उठेपर्यंत म्हणजे दिवसाचं काम संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं. बेड्या नाहीत, कोठडी नाही. पण कैदच ती. कागदावर तसंच लिहितात.

दंड भरला, पावती घेतली. ही पहिली पावती, जिच्यावर कसला तरी खरा शिक्का होता. मग मागच्या बाकावर येऊन बसलो. तात्या सरकले, जागा केली.

दुपारी कधीतरी त्यांनी हळूच सांगितलं. एका मुक्कामी गाडीची गोष्ट. नव्वद-एक्क्याण्णवची. सकाळी आगारात गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायची होती. तो आला तो वास मारत. तात्यांचा दोस्त, एका ताटात जेवणारा. गाडीत पोरं होती, बाजाराला निघालेल्या बाया होत्या. तात्यांनी गाडी दिली नाही. डबल ड्युटी केली आणि आगारप्रमुखांना का ते सांगितलं. त्या माणसावर कारवाई झाली. त्याच्या घरच्यांनी पुढे कित्येक वर्षं आमच्या घराचं पाणी घेतलं नाही. आमच्या आईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. हे मला आजवर माहीत नव्हतं.

मी विचारलं, "कधी वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. दोस्त हुता. पण गाडीतल्यांना काय म्हाईत ड्रायव्हर कसा हाय ते? तिकीट काढून पाठीमागं बसत्यात. इस्वास ठिवत्यात."

मग पिशवीतून एक पाकीट काढलं. आरटीओचं पत्र. मार्च २०२३ चं. लायसन्स तीन महिने निलंबित केल्याचं, कारणासकट.

"हे कधी आलं?"

"तवाच."

"तुम्ही वाचलं नव्हतं?"

"एकतीस वरीस लायसनवर पोट भरलंय माझं. आरटीओचा कागुद वाचता येत न्हाई व्हय मला?" माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगशील म्हणून थांबलो हुतो. वॉरंट आलं तवा बी इचारलं, चुकून आलंय का. म्हटलं, आता तरी सांगंल."

दीड वर्ष ते पत्र घरात होतं. दीड वर्षात मी चार वेळा गावी गेलो होतो. एकदा तर त्यांना शेजारी बसवून देवाला गाडी घेऊन गेलो होतो. ते गप्प बसून माझ्या हाताकडे बघत होते. मला वाटलं सवयीने.

साडेपाचला कोर्ट उठलं. बाहेर येऊन आम्ही डबा खाल्ला. सकाळची भाकरी, कोरडी झालेली. छोटा हत्तीवाला केव्हाच गेला होता, त्याची शिक्षाही माझ्यासारखीच असती तर तो थांबला असता. त्याला नुसता दंड झाला. तीन तारखांना न चुकता आलेल्या माणसाला मॅडमनी तेवढी सूट दिली असावी. बरोबरच होतं ते.

यानंतर सातारच्या आरटीओत जाऊन लायसन्सचं उरलेलं काम केलं. निलंबनाची मुदत तर कधीच संपली होती. ज्या तीन महिन्यांत गाडी चालवायची नव्हती, त्याच तीन महिन्यांत मी रोज चालवली. त्याची शिक्षा मला कोणी दिली नाही, कारण कोणाला कळलंच नाही. म्हणून मीच ठरवून पुढचे तीन महिने गाडीची किल्ली बायकोकडे दिली. मुलीने विचारलं, "बाबा, तू गाडी का चालवत नाहीस?" तिला खरं सांगितलं. तिने विचारलं, "मग तात्या रागावले?" म्हटलं, "नाही. रागावले असते तर बरं झालं असतं."

आता ग्रुपवरच्या मित्राला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

राज्य सोडण्याआधी चौकीवर जाऊन केस नंबर, पोलीस ठाणं आणि कोर्ट कुठलं ते लिहून घ्या. तारीख लागली नसेल तर वकिलामार्फत लवकर लावून घ्यायचा प्रयत्न करा. जाण्याआधी मिटलं तर सगळ्यात उत्तम. नाही मिटलं तर नवा पत्ता आणि चालू मोबाईल नंबर द्या. पत्ता लपवून समन्स चुकवता येतं, केस चुकवता येत नाही.

प्रत्येक तारखेला येणं जमत नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज करता येतो. कोर्ट कारण बघून देतं. मात्र कबुली द्यायची असेल तेव्हा स्वतः उभं राहायची तयारी ठेवा.

एजंट नको. वकील असेल तर वकीलपत्रावर सही घेतो. सही न घेता जो पैसे घेतो तो तुमचा कोणी नाही.

लायसन्सची स्थिती परिवहनच्या साइटवर स्वतः तपासा. निलंबित असेल तर गाडीला हात लावू नका. तुम्ही दुसऱ्या राज्यात असा नाहीतर दुसऱ्या देशात.

नवीन कंपनीने किंवा व्हिसाच्या फॉर्मने विचारलं तर खरं लिहा. दारू पिऊन गाडी चालवली, दंड भरला, हे लिहिता येतं. दारू पिऊन चालवली आणि फरार झालो, हे लिहिता येत नाही. मला बंगळुरूच्या कंपनीत सांगावं लागलं. नोकरी गेली नाही. मॅनेजर दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "कोर्टाची पावती फाईलला लाव."

आणि शेवटचं, जे मी त्याला फोनवर सगळ्यात आधी सांगितलं. "सापडलोय" म्हणू नकोस. "दारू पिऊन गाडी चालवली" असं म्हण. एकदा मोठ्याने म्हणून बघ. तो गप्प झाला. मला माहीत आहे का गप्प झाला ते. मलाही ते वाक्य पहिल्यांदा कोर्टातच म्हणता आलं, तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर.

त्याची तारीख पुढच्या सोमवारी आहे. हैदराबादची बस मंगळवारची काढलीय त्याने.